कुंपण बदलताना

जुने कुंपण बदलावे केव्हा आणि बदलावे कसे, हा प्रश्न वरकरणी गवंड्याचा, सुताराचा, फार तर घरच्या जमाखर्चाचा वाटतो. नीतीच्या विचारात त्याला जागा कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याला आमचे उत्तर साधे आहे. छप्पर आपले असते, चूल आपली असते, उंबरठा आपला असतो. कुंपणाला मात्र दोन बाजू असतात आणि त्यांपैकी एकच आपली असते. ज्या दिवशी आपण कुंपणाला हात लावतो, त्या दिवशी शेजाऱ्याच्या झाडांचे ऊन, त्याच्या अंगणातले पावसाचे पाणी आणि त्याची येण्याजाण्याची सवय यांनाही हात लावीत असतो. आपल्या कृतीने जेथे दुसऱ्याचे बरेवाईट होते, तेथून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

प्रथम ‘केव्हा’ याचा विचार करू. आपल्या वसईच्या वाड्यांत जुनी कुंपणे बहुधा तीन प्रकारची दिसतात: बांबूच्या कामट्यांची, लाकडी किंवा सिमेंटच्या खांबांवर ताणलेल्या काटेरी तारेची आणि शेर, मेंदी, अडुळसा यांसारख्या झाडांची. कुंपण जुने दिसते म्हणून ते निकामी झाले, असे समजू नये. कामट्या काळवंडल्या, तारेला तांबेरा चढला, रंग उडाला, हे त्याचे वय झाले, मरण नव्हे. कुंपणाचा जीव खांबात असतो आणि लाकडी खांब मरतो तो माथ्याशी नव्हे, तर जेथे माती आणि हवा एकमेकांना भेटतात तेथे. त्या चार बोटांच्या पट्ट्यात ओलावाही टिकतो आणि हवाही मिळते. म्हणून बुरशी आणि वाळवी तेथेच घर करतात. तेथली माती थोडी उकरून कोयत्याचे टोक खुपसून पाहावे. टोक सहज आत शिरले तर खांब संपला. सिमेंटच्या खांबाला उभी चीर गेली असेल, तर खाऱ्या हवेने आतली सळई गंजून फुगली आहे असे समजावे. वरून गिलावा करून ती चीर भरत नाही. खांब शाबूत असतील तर कामट्या आणि तारा बदलून भागते. पाचदहा खांबांत एखाददुसरा गेला असेल तर तेवढाच बदलावा. एकामागून एक खांब डुलू लागले, की मग डागडुजीवर केलेला खर्च पाण्यात जातो.

ऋतूही पाहावा लागतो. सिमेंटचे काम पावसाआधी उरकावे, म्हणजे त्याला दिवसातून दोनदा पाणी घालून पक्के होऊ देता येते. जिवंत कुंपण करायचे असेल तर पहिल्या पावसाची वाट पाहावी. पांगारा किंवा गिरिपुष्प यांचे दांडे त्या ओलीत रोवले की मूळ धरतात. खांबाच्या लांबीचा चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत जावा आणि कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेकू असावा, कारण तारेचा सारा ताण तोच सोसतो.

येथवरचा भाग कोणताही जाणता कारागीर सांगेल. यापुढचा भाग मात्र घरधन्याने स्वतः ठरवायचा असतो.

जुन्या कुंपणाच्या कडेने एकदा सावकाश चालत जावे. त्यात ठिकठिकाणी फटी दिसतील. काही फटी कुजण्याने पडलेल्या असतात. तेथून गुरे शिरतात, कुत्री शिरतात. ती खिंडारे. परंतु एखाद्या ठिकाणची माती पायांनी गुळगुळीत झालेली असते, कामट्या मोडलेल्या नसतात, तर कोणी तरी त्या मुद्दाम बाजूला सारून काथ्याने बांधलेल्या असतात. तेथून शेजारची काकी सामाईक विहिरीवर येत असते, मुले शाळेची वाट जवळ करीत असतात, कोणाच्या घरी आजारपण असले की पेजेचे भांडे त्या वाटेने जाते. ही फट नव्हे, ही वाट. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. नवे कुंपण घालणारा मजूर दोन्ही सारखीच बुजवतो, कारण त्याला फरक ठाऊक नसतो. तो ठाऊक असतो आपल्याला. म्हणून आम्ही असे म्हणतो, की कुंपण बदलण्यापूर्वी खिंडार कोणते आणि वाट कोणती याचा निवाडा करणे, हेच या कामातले खरे नैतिक कर्तव्य आहे.

हा निवाडा न केल्याने काय होते, ते आम्ही एका वाडीत पाहिले आहे. दोन चुलत भावांच्या घरांमध्ये शेराचे जुने कुंपण होते. त्यात एक वाट होती आणि त्या वाटेच्याच उताराने पावसाचे पाणी पलीकडच्या बावखलात उतरत असे. थोरला सज्जन मनुष्य. मुलगा परदेशी कमवू लागल्यावर त्याने एका उन्हाळ्यात शेर तोडून सहा फुटांची पक्की भिंत घातली. भिंत त्याच्याच हद्दीत होती; एक इंचही पुढे सरकली नव्हती. धाकट्याला ती कळली पाया खणला तेव्हा. जूनमध्ये धाकट्याच्या वाडीचे पाणी अडले आणि केळी पिवळी पडली. अर्ज झाले, पंच आले आणि शेवटी भिंतीला तळाशी नळ घातला गेला. आम्ही दोघांकडेही जाऊन बसलो. धाकटा केळीबद्दल फारसे बोललाच नाही. “फादर, त्याने विचारले असते तर मीच कोयता घेऊन शेर तोडायला गेलो असतो,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. थोरला म्हणाला, “माझ्या जागेत भिंत घालायला मी परवानगी कोणाची घेऊ?” दोघांचेही खरे होते. पाण्याला वाट मिळाली. माणसांना ती अद्याप मिळालेली नाही.

थोरल्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. मालकीला काही अर्थ आहे की नाही? आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा शांतपणे विचार केला. मालमत्ता प्रत्येकाची वेगळी असणे योग्य आहे, याला त्यांनी तीन कारणे दिली: माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो, कोणी काय पाहावे याचा गोंधळ होत नाही आणि ज्याचे त्याला मिळाल्याने शांतता टिकते. न वाटलेल्या सामाईक वस्तूंवरून भांडणे अधिक होतात, हेही त्यांनी नमूद केले आहे. आपल्या भाऊबंदकीचा अनुभव त्यांच्या म्हणण्याला साक्ष देईल. परंतु त्याच ठिकाणी ते दुसरी बाजू मांडतात. वस्तू सांभाळण्याचा अधिकार वेगवेगळा असावा. तिचा उपयोग करताना मात्र ती जणू सर्वांची आहे अशा बुद्धीने, गरजवंताला देण्याची तयारी ठेवून करावा. या विचाराने पाहिले तर कुंपण आणि त्यातली वाट यांत विरोध उरत नाही. कुंपण सांभाळण्यासाठी, वाट उपयोगासाठी.

कायदाही या वाटेकडे डोळेझाक करीत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेली वाट हा वापरणाऱ्याचा अधिकार बनू शकतो. मालकाच्या परवानगीने वापरलेल्या वाटेचा असा अधिकार मात्र होत नाही. म्हणजे जो शेजारी सौजन्याने “येऊ का?” असे विचारून येत राहिला, त्याचे कायद्यापुढे काहीच चालत नाही. येथेच कायदा थांबतो आणि शेजारधर्म सुरू होतो. जो विचारून आला, त्याला न विचारता बंद करणे हे कायद्याला मान्य असेल. सदसद्विवेकबुद्धीला ते मानवू नये.

आता हद्दीविषयी. जुने कुंपण म्हणजे हद्द नव्हे. जिवंत कुंपण दरवर्षी थोडे सरकते. बांधही कोरला जातो. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि सर्वांच्या देखत खुणा होतात. मात्र नोटीस पोहोचण्यापूर्वी आपण स्वतः जाऊन सांगावे. सरकारी कागदाने प्रथम कळलेली गोष्ट मनाला निराळी लागते. शेजाऱ्याची हद्दीची खूण सरकवू नये, ही आज्ञा अनुवादाच्या ग्रंथात आहे. पूर्वजांनी ती खूण घातली, याची आठवणही तेथे करून दिलेली आहे. ती रात्री सरकवणे जसे पाप, तसेच शेजारी परगावी असताना घाईने खांब रोवून घेणे हेही त्याच जातीचे कृत्य.

‘कसे’ या प्रश्नात कुंपणाची जातही येते. “कुंपणच शेत खाते” अशी आपल्याकडे म्हण आहे. ती राखणदारांविषयी वापरली जाते, पण खऱ्याखुऱ्या कुंपणालाही लागू पडते. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. मोगली एरंडाच्या बिया लहान मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि त्यांना विषबाधा होते. कुंपणाच्या तारेत वीज सोडल्याने निरपराध माणसे दगावल्याच्या घटना आपल्या राज्यात घडलेल्या आहेत. भिंतीच्या माथ्यावर रोवलेल्या काचा चोराला जितक्या लागतात, तितक्याच चेंडू काढायला चढलेल्या पोरालाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करण्यास सांगितले आहे, कारण तेथून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. आपल्या बांधकामाने परक्यालाही अपाय होऊ नये, ही जबाबदारी इतकी जुनी आहे. तिच्यातून आपली भिंत सुटत नाही.

पाण्याचे तसेच. २०१८ च्या जुलै महिन्यात वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला आणि रेल्वेगाड्या थांबल्या, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. सखल प्रदेशात राहणाऱ्यांनी पाण्याची जुनी वाट ओळखल्याशिवाय पाया खणू नये. कामट्यांच्या कुंपणातून पाणी आपोआप जात होते. भिंतीला ते भोक आठवणीने ठेवावे लागते. जेथे मेंदीने भागते तेथे भिंत घालण्याचा हट्ट कशाला, हाही विचार करण्याजोगा आहे. मेंदी पाणी जाऊ देते, वारा जाऊ देते आणि छाटायला गेले की पलीकडच्या माणसाशी चार शब्द होतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पूर्वीची वाडी आता राहिली नाही. पलीकडच्या जमिनीवर इमारत उभी राहिली, माणसे अनोळखी झाली, मुले परदेशी आणि घरात एकटी वृद्ध आई. तिने वाट उघडी ठेवावी, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? आम्ही तसे सांगत नाही. तिची भीती खरी आहे आणि तिला रात्री निर्धास्त झोप लागणे हीही नीतीचीच गोष्ट आहे. तिने मजबूत कुंपण अवश्य घालावे. परंतु एकट्या माणसाचे सर्वांत मोठे रक्षण हाकेच्या अंतरावरचा शेजारीच करतो. त्या शेजाऱ्याकडे उघडणारे, आतून कडी असलेले एक छोटे दार ठेवले, तर भिंतीचे बळ कमी होत नाही. ज्या रात्री छातीत कळ येईल, त्या रात्री फाटकाला वळसा घालून येणाऱ्यापेक्षा त्या दारातून येणारा लवकर पोहोचेल.

राहिला खर्च. दोघांना कुंपण हवे असेल तर खर्च दोघांनी वाटून घ्यावा, हे उत्तम. पण शेजाऱ्याची ऐपत नसेल, किंवा त्याला जुन्याच कामट्या पुरेशा वाटत असतील, तर ज्याला नवे हवे त्याने ते आपल्या हद्दीत, आपल्या पैशाने करावे आणि त्या उपकाराचा उच्चार पुन्हा करू नये. गरीब शेजाऱ्याने पैसे दिले नाहीत, पण खड्डे खणायला एक दिवस दिला, तर तो वाटा पुरेपूर मानावा. जुने खांब आणि तारा यांतले काय त्याच्या उपयोगी पडेल, हेही विचारावे.

तेव्हा ज्यांच्या घरी हा विषय यंदा निघाला असेल, त्यांना आमचे सांगणे एवढेच, की कंत्राटदाराकडून दर मागवण्याआधी एका संध्याकाळी शेजाऱ्याला बोलवावे आणि दोघांनी मिळून जुन्या कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे. कोठले खांब गेले, पाणी कोठून जाते, हद्दीवरचा आंबा कोणाचा आणि कोठली फट मुद्दाम ठेवलेली आहे, हे दोघांनी एकमेकांना सांगावे. काही गोष्टी आपल्याला ठाऊक नसलेल्या निघतील. कदाचित ज्याने ती पहिली कामटी बाजूला सारली, त्या आजोबांचे नावही निघेल. मग मजुराला बोलवावे आणि वाट कोठे ठेवायची, ते दोघांनी मिळून त्याला दाखवावे.