आम्ही की आपण

इंग्रजीतला ‘वी’ मराठीत आणताना दर वेळी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो फक्त व्याकरणाचा नसतो. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की आत येतो. हिंदीतल्या ‘हम’ला ही अडचण नाही. मी राहते त्या जयपुरात लिहायची भाषा हिंदी आहे, पण बोलीत मात्र आपल्यासारखाच भेद आहे: ‘म्हे’ म्हणजे आम्ही, ‘आपां’ म्हणजे आपण. वीस वर्षे अनुवाद करते आहे. कवितेत, भाडेकरारात, औषधाच्या पाकिटातल्या सूचनांत, सगळीकडे हा ‘वी’ भेटला. पण त्याने खरे छळले ते गोल्फच्या एका पुस्तिकेत.

इथल्याच एका मराठी कुटुंबातला मुलगा गोल्फच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कॉलेजात निघाला होता. त्या कॉलेजने आपल्या पुरुष गोल्फ संघाचा इतिहास आणि पराक्रम सांगणारी पुस्तिका पाठवली होती, आणि आजोबांना ती मराठीत हवी होती. कॉलेजचे नाव सांगण्यासारखे काही नाही. अशा पुस्तिका सगळ्या एकाच साच्यातल्या असतात. आधी स्थापनेचे साल, मग विजेतेपदे, मग पुढे व्यावसायिक झालेल्यांची नावे. ‘प्रोग्रॅम’ या शब्दावर पहिला अडखळा आला, कारण ‘कार्यक्रम’ म्हटले की मराठी माणसाला हारतुरे आणि आभारप्रदर्शन आठवते. ‘संघ’ म्हणजे यंदाची मुले. मुले बदलतात, प्रशिक्षक निवृत्त होतो, मैदानसुद्धा बदलते, आणि तरी जे ‘तेच’ आहे असे मानले जाते, ते म्हणजे प्रोग्रॅम. त्याखालोखाल ते वाक्य होते: अमुक साली ‘वी’ पहिल्यांदा जिंकलो. लिहिणारा त्या साली जन्मलाही नसणार. मग जिंकले कोण?

अमेरिकेत कॉलेजांतला गोल्फ हा हौसेचा मामला नाही. आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १८९७ साली झाली आणि येल जिंकले. येलची एकूण २१ विजेतेपदे आहेत. तो आकडा अजून कोणी गाठलेला नाही. पण त्यांतले शेवटचे १९४३चे. त्यानंतर ह्यूस्टनचा जमाना आला. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या डेव्ह विल्यम्स नावाच्या प्राध्यापकाने १९५६ ते १९८५ या काळात तिथल्या मुलांकडून १६ वेळा हे पद मिळवून घेतले. आता येलमध्ये आज शिकणाऱ्या एखाद्या मुलीची कल्पना करा. ती म्हणते, ‘आम्ही २१ वेळा जिंकलो.’ या २१ विजयांच्या काळात त्या कॉलेजात मुलींना पदवीसाठी प्रवेशच नव्हता. तो १९६९ साली मिळाला. मग तिचे वाक्य खोटे का?

यावर दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणजे, यश ज्याचे त्याचे. भूक जशी दुसऱ्याच्या जेवणाने भागत नाही तसे दुसऱ्याच्या विजयाने आपण मोठे होत नाही. ऐकायला चोख वाटते, पण या न्यायाने मातृभाषेचा अभिमानही बेकायदेशीर ठरेल. दुसरे उत्तर संस्थांना आवडणारे: संस्था नदीसारखी, पाणी बदलते पण नदी तीच. ही उपमा फारच सोयीची आहे. नदीत वरून काय काय वाहत आले, हे त्यात कोणी विचारत नाही.

पुस्तिकेतल्या विजयांपेक्षा ते विजय मोजायची पद्धत मला जास्त बोलकी वाटली. कॉलेजांच्या स्पर्धेत सहसा एका संघाचे पाच जण खेळतात, आणि प्रत्येक फेरीत त्यांतल्या सर्वांत चांगल्या चौघांचे फटके मोजले जातात. गोल्फमध्ये जितके कमी तितके चांगले. समजा एका फेरीत पाच जणांचे ६८, ७०, ७१, ७३ आणि ७९ झाले, तर संघाचे २८२. ते ७९ कुठेच गेले नाहीत. त्या मुलानेही चार-पाच तास उन्हात तेवढीच पायपीट केली होती, खरे तर सगळ्यांत जास्त फटके त्यानेच मारले होते. पण बेरजेत तो नाही.

मात्र पाचवा असा कोणी ठरलेला नसतो. आज ७९ मारणारा उद्या ६७ मारतो आणि आजचा पहिला उद्या बाजूला पडतो. खेळ चालू असताना पाचांपैकी कोणालाच ठाऊक नसते की आपले कार्ड मोजले जाणार की टाकले जाणार. शिवाय पहिल्या चौघांपैकी एकाने चुकीच्या कार्डावर सही केली आणि तो बाद झाला, तर ते टाकलेले ७९ गुपचूप बेरजेत येऊन बसतात. म्हणजे ते कधी निरुपयोगी नव्हतेच. बाकीच्यांनी पाण्यावरून थेट मारायचे जे धाडस केले, ते मागे एक कार्ड शिल्लक आहे या भरवशावर. इतिहासात मात्र २८२ लिहिले जाते. शिष्यवृत्त्यांचेही तसेच. वरच्या श्रेणीतल्या पुरुष गोल्फ संघाला अनेक वर्षे कमाल साडेचार शिष्यवृत्त्यांची मुभा होती, आणि त्या आठ-दहा मुलांत तुकडे करून वाटल्या जात. अर्धी, पाव. साडेचार माणसांच्या खर्चात दहा जणांचे ‘आम्ही’!

कधी कधी तर सबंध वर्षच त्या पाचव्या कार्डासारखे होते. साहिथ थीगला या हैदराबादी आईबापांच्या मुलाचे पेपरडाइन विद्यापीठाचे शेवटचे वर्ष २०२० होते. संघ देशात पहिल्या क्रमांकावर, तो स्वतः वर्षाचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. आणि मार्चमध्ये साथीमुळे सगळ्या स्पर्धा रद्द झाल्या. तो व्यावसायिक झाला. पुढच्या वर्षी त्याच्याशिवाय पेपरडाइनने विजेतेपद मिळवले. इतिहासात २०२१ आहे. २०२०चे ‘आम्ही’ कुठे नोंदवायचे?

यश असे सांडत, वाटले जात, दुसऱ्याच्या नावावर जमा होत राहते. दंडाचे तसे नाही. १९२५च्या यू. एस. ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू, तो फटक्यासाठी उभा राहत असताना, गवतात किंचित हलला. कोणी पाहिले नाही. पंचांनी निर्णय त्याच्यावरच सोडला, त्याने स्वतःला एक फटका दंड लावला, आणि शेवटी बरोबरीनंतरच्या जादा फेऱ्यांत तो एका फटक्याने हरला. लोक वाखाणू लागले तेव्हा तो चिडला. चोरी केली नाही म्हणून कोणी कोणाची पाठ थोपटते का, असे त्याचे म्हणणे होते. या जोन्सची एक गोष्ट मला फार आवडते. जॉर्जिया टेकची पदवी घेऊन तो हार्वर्डला इंग्रजी साहित्य शिकायला गेला. (साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मिरवावे असे फार थोडे खेळाडू आहेत, हा एक.) एका कॉलेजकडून खेळून झालेले असल्याने हार्वर्डच्या संघात त्याला घेता येईना. तेव्हा तो संघाचा साहाय्यक व्यवस्थापक झाला. १९२३ साली यू. एस. ओपन जिंकलेला माणूस पोरांच्या संघाची व्यवस्था पाहत होता. त्याचा कुठलाच आकडा त्या संघाच्या खात्यात नाही. ‘आपण’ म्हणायचा हक्क मात्र त्याला होता, असे मला वाटते, आणि तो त्याने सामान उचलून मिळवला.

‘प्रोग्रॅम’साठी मी एकदा ‘घराणे’ लिहून पाहिले. जयपुरात राहून हा शब्द सुचला नाही तरच नवल. अल्लादियाखाँ १८५५ साली जन्मले ते जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्याला, पण ज्याला आपण जयपूर घराणे म्हणतो ते फुलले कोल्हापूर आणि मुंबईत, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांत. खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण नाही. त्यांचे गाणे आहे ते शिष्यांच्या गाण्यात. इथे श्रेय वरच्या दिशेने वाहते: शिष्य गातो आणि कानाची पाळी धरून गुरूचे नाव घेतो. कॉलेजची पुस्तिका उलटी चालते. मुलगा जिंकतो आणि संस्था स्वतःचे नाव घेते. शिवाय घराण्याचा वारस व्हायचे तर वर्षानुवर्षे एकच पलटा घोटावा लागतो. कॉलेजात प्रवेशाच्या दिवशीच २१ विजेतेपदे अंगावर चढतात. मी ‘घराणे’ खोडले. ‘परंपरा’ राहू दिले, जो शब्द कोणालाच दुखवत नाही आणि म्हणून मला तो फारसा आवडत नाही.

वारसा हा शब्द आपण हल्ली फार भावुकपणे वापरतो. गावाकडे तो तसा नाही. वडिलांमागे वारस म्हणून नाव लावायला तलाठ्याकडे गेले की सातबाऱ्यावर नुसती जमीन मिळत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यातला सोसायटीचा बोजाही त्याच कागदावर असतो. बोजा वगळून उतारा द्या, असे कोणी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की ‘आम्ही जिंकलो’ हे वाक्य खोटे नाही, पण ते उताऱ्यासारखे वाचले पाहिजे. येलच्या त्या मुलीने २१ खुशाल म्हणावे. फक्त त्या काळात दार कोणाला बंद होते तेही तिच्याच कागदावर आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत सभासद गोराच हवा असे कलम १९६१ सालापर्यंत होते. कॉलेजांच्या पुस्तिकांतले कितीतरी नामवंत पुढे त्याच दारातून आत गेले. त्यांनी ते कलम लिहिले नव्हते, हे खरे. बोजाही सहसा आपण काढलेला नसतोच.

त्या वाक्यात मी ‘आपण’ लिहिले. मूळ लेखकाला कदाचित ‘आम्ही’ अपेक्षित असेल. पण ते वाक्य येऊ घातलेल्या मुलाला उद्देशून होते, आणि त्याला आत घ्यायचे असेल तर टाकलेल्या कार्डांसकट घ्यावे. अनुवादकाने एवढे ठरवावे का, यावर वाद होऊ शकतो. मराठीत न ठरवता पुढे जाताच येत नाही, ही माझी सबब.

या सगळ्यात एक माणूस अजून आलाच नाही, कारण पुस्तिकेतही तो नव्हता. गोल्फचा नियम असा की कॅडीकडून नियम मोडला गेला तर दंड खेळाडूला. २००१च्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या फेरीत इयन वूस्नम आघाडीच्या बरोबरीत होता. पिशवीत १४ काठ्या चालतात. दुसऱ्या होलवर कळले की १५ आहेत. चूक कॅडीची, दोन फटके वूस्नमच्या कार्डावर. म्हणजे नियमांच्या पुस्तकात ‘आपण’ आहे, पण दंडापुरते.

भारतात या मैदानांवरची खरी शाळा कॅडींचीच होती. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला, आणि १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. त्याच १९९३ साली जीव मिल्खा सिंग टेक्सासच्या अ‍ॅबिलिन ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळत दुसऱ्या श्रेणीचा वैयक्तिक विजेता झाला, आणि त्याचा संघही विजेता ठरला. जीवचे यश त्याच्या कॉलेजच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. तिथे आज शिकणारा कोणीही ‘आम्ही’ म्हणून ते सांगू शकतो. अली शेरच्या बाबतीत ते वाक्य कोणी लिहायचे? ज्यांच्या पिशव्या त्याने वाहिल्या त्या सभासदांनी? एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात मैदानाची निगा राखत. १८२९ साली स्थापन झालेला हा ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. वडील राखत होते त्याच हिरवळीवर मुलगा खेळ शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. त्याला शिष्यवृत्ती नव्हती, प्रशिक्षक नव्हता. होते ते एक मैदान, आणि तेही दुसऱ्यांचे.

आमच्या रामबागेतही, राजवाड्याच्या शेजारच्या मैदानावर, सकाळी मोर आणि कॅडी सभासदांच्या आधी हजर असतात. चांगली फेरी झाली की कॅडीने म्हणावे असे वाक्य इथल्या बोलीत तयार आहे: आज आपां चोखा खेल्या. मग कार्ड भरले जाते. त्यावर एक सही खेळाडूची असते, दुसरी फटके लिहिणाऱ्या मार्करची. तिसऱ्या सहीला रकाना नाही.