झ्वेडरची सनद

१४२३ साली उत्रेख्तचे वृद्ध बिशप फ्रेडरिक फान ब्लांकेनहाइम निवर्तले आणि त्यांच्या गादीसाठी जो तंटा उभा राहिला, त्यात राज्यलोभाइतकाच धर्माधिकाराच्या उगमाचाही प्रश्न गुंतला होता. तेथील बिशप मुलखाचा शास्ताही असल्यामुळे सरदारघराण्यांची नजर त्या पदावर असणे स्वाभाविकच होते. निवडीचा परंपरागत हक्क असलेल्या पुरोहितमंडळांनी रुडोल्फ फान दीपहोल्ट याला निवडले. पोप पाचवे मार्टिन यांनी ती निवड नामंजूर करून अखेर १४२५ मध्ये झ्वेडर फान क्युलेम्बोर्ख या उमरावाला नेमले.

झ्वेडरची सनद कायदेशीर होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्यांच्या आत्म्यांचा भार वाहायचा, त्यांनीच ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याचे बिशपपण कागदाच्या बळावर किती काळ टिकावे? उत्रेख्त शहर रुडोल्फच्या पक्षाला मिळाले, बर्गंडीचा ड्यूक फिलिप झ्वेडरच्या पाठीशी राहिला, आणि रोमने अखेरचे शस्त्र उपसले : विरोधी मुलखात सार्वजनिक उपासना बंद करण्याचा हुकूम सुटला. उमरावांच्या दाव्यापायी सामान्य भाविकाचा संस्कारांवरील हक्क जप्त व्हावा, हा मला उघड अन्याय वाटतो.

त्याची झळ सर्वाधिक लागली ती ज्यांना गादीशी काही कर्तव्य नव्हते त्यांना. झ्वोलेजवळच्या आग्निटेनबर्ग मठातील साधूंपुढे, पोपचा हुकूम मोडून उपासना गावी की मठ सोडावा, असा पेच पडला. १४२९ मध्ये ते फ्रीसलंडमधील लुडिंगाकेर्क येथे निघून गेले. ‘ख्रिस्तानुकरण’ या जगद्विख्यात ग्रंथाचा कर्ता मानला जाणारा थॉमस आ केम्पिस त्यांच्यात होता. पुढे १४३२ मध्ये नवे पोप चौथे यूजीन यांनी त्याच रुडोल्फला मान्यता दिली, आणि काल ज्याला बिशप मानणे आज्ञाभंग होता, तोच आज कायदेशीर बिशप ठरला!

मग त्या साधूंचा वनवास व्यर्थ गेला काय? मला तसे वाटत नाही. त्यांची निष्ठा झ्वेडरच्या दाव्याशी नसून, आपल्या सोयीसाठी व्रत मोडायचे नाही, या निश्चयाशी होती. म्हणून हुकूम अन्याय्य असूनही त्यांचे आचरण निर्मळ राहिले. झ्वेडर मात्र आपला दावा घेऊन बाझेलच्या धर्मपरिषदेपर्यंत गेला आणि १४३३ मध्ये तेथेच मरण पावला. रुडोल्फ १४५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत बिशप राहिला.