पाऊणशे किलोमीटरची सुट्टी

नागपूरचा माणूस चालायला कचरत नाही. नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळ नागद्वारची यात्रा भरते. तेव्हा विदर्भातले हजारो लोक भर पावसात सातपुड्याचे निसरडे डोंगर चढतात. पण त्या चालण्याला देवाचं निमित्त लागतं. चार दिवसांची रजा काढून, खांद्याला पिशवी लावून, केवळ मधली गावं पाहण्यासाठी नागपूरहून सेवाग्रामपर्यंत जावं, ही कल्पना आपल्याकडे रुजलेलीच नाही. अंतर जेमतेम पाऊणशे किलोमीटर आहे.

तुर्कस्तानात अशी सुट्टी घेणारे पुष्कळ भेटतात. फेथिये ते अंतल्या हा पाचशे किलोमीटरहून लांब पायरस्ता केट क्लो या इंग्रज बाईंच्या पुढाकाराने 1999 मध्ये तयार झाला. त्यात नवं बांधकाम फारसं नव्हतं. प्राचीन वाटा आणि मेंढपाळांच्या पाऊलवाटा जोडल्या, दगडांवर लाल-पांढऱ्या खुणा रंगवल्या. वाटेवरच्या गावांत लोक घरातली खोली भाड्याने देतात आणि जेवूही घालतात.

आपल्याकडे वाटा आहेतच. शेताशेतांमधून जाणाऱ्या पांदणी गावनकाशांवर नोंदलेल्या आहेत. कित्येकींवर अतिक्रमण झालंय, कित्येक बाभळीच्या काट्यांत हरवल्यात आणि पावसाळ्यात काळी माती पायाला धरून ठेवते. पण डिसेंबर-जानेवारीत, कापसाची वेचणी चालू असताना, तूर डोक्याएवढी वाढलेली असताना, त्यांच्यावरून चालण्यासारखं सुख नाही. सोले-वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर याच दिवसांत. शेजारच्या समृद्धी महामार्गावरून वाटेतलं गाव काही सेकंदांत मागे पडतं, आणि तिथे पायी जाणाऱ्याला प्रवेशच नाही.

पायी जाण्याने काय घडू शकतं, हे याच मुलुखातून निघालेल्या एका माणसाने दाखवलं आहे. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. संमेलनानंतर तेलंगणातल्या गावांतून हिंडताना 18 एप्रिलला ते पोचमपल्लीला आले. तिथल्या दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली, जमीनदार रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. विनोबा मोटारीने हिंडले असते तर भाषण झालं असतं, पण ही मागणी त्यांच्या कानावर आली असती का, याची मला शंका आहे. चालणारा माणूस गावाच्या वेळेला बांधला जातो. त्याला पाणी मागावं लागतं, ओट्यावर टेकावं लागतं, आणि मग लोक बोलू लागतात.

पण इथेच मला सगळ्यात अवघड प्रश्न दिसतो. आपल्या गावातलं आतिथ्य उदार आहे. ‘बसा ना जी, चहा मांडतो,’ हे मनापासून असतं. मात्र त्यामागोमाग आडनाव विचारलं जातं. दिंडीतल्या माणसाला त्याच्या माळेमुळे ओटा मिळतो, विनोबांना त्यांच्या नावामुळे मिळाला. ज्याच्यापाशी माळही नाही आणि नावही नाही, त्याचं काय? एकट्या बाईचं काय? ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली, त्या शहरातून निघणाऱ्या वाटेला हा प्रश्न टाळता येणार नाही.

म्हणून मी पैशाची बाजू घेतो. पाहुण्याकडून पैसे घेणं आपल्याला कोतेपणाचं वाटतं. पण ठरलेलं भाडं देणाऱ्याला कुणाच्या उपकाराखाली राहावं लागत नाही, आणि घेणाऱ्यालाही उत्पन्न मिळतं. खोलीचा दर सर्वांना सारखा असेल, तर आडनाव विचारण्याचं प्रयोजन उरत नाही. जुनी सवय तेवढ्याने जाणार नाही, पण निदान रात्रीचा निवारा तिच्यावर अवलंबून राहणार नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. मात्र शेतावर मोटारीने येऊन मोटारीने परतणाऱ्या पाहुण्याने ही वाट उघडणार नाही.

सुरुवात लहान असू शकते. नागपूर ते सेवाग्राम, आणि वाटेत धाम नदीकाठचं पवनार. पांदणी मोकळ्या कराव्यात, कडुनिंबांच्या बुंध्यांवर रंगाचे पट्टे ओढावेत. दर पंधरा-वीस किलोमीटरवर एका गावात बचत गटाने दोन खोल्या चालवाव्यात, म्हणजे एकटी मुलगीही निर्धास्त मुक्काम करेल. आणि खोलीचं भाडं व जेवणाचा दर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, खाली एक ओळ: खोली मागणाऱ्या प्रत्येकाला मिळेल.