वाटणीत राहून गेलेला नळ

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला गिरजा नदीचा शेजार आहे. पण पावसाळा सरला की गिरजेचं पात्र आटत जातं आणि गावाचं लक्ष बोअरकडे आणि टँकरकडे लागतं. अशा गावात दोघा भावांचं एक घर होतं. त्यांच्या बापाने ते १९९४ साली कपाशीच्या पैशातून बांधलं. खाली शहाबादी फरशी, दाराला सागवानी चौकट आणि माळ्यावर सिमेंटची मीटरभर लांब, मीटरभर रुंद टाकी. त्या काळी आजूबाजूच्या घरांत हंड्यांची रांग असायची. या घरात तोटी फिरवली की पाणी यायचं, म्हणून पाहुणे मुद्दाम मोरीत जाऊन तोटी फिरवून बघत.

बाप गेल्यावर वाटणी झाली. शेत वाटलं, बैल विकून पैसे वाटले, भांडीसुद्धा मोजून दिली. घराच्या मधोमध विटांची भिंत उठली. म्हातारी माय महिनाभर थोरल्याकडे आणि महिनाभर धाकट्याकडे राहील असं ठरलं. कागदावर पंचांच्या सह्या झाल्या. बोअर आणि टाकी सामाईक धरली, पण टाकीतून निघणाऱ्या पाइपाचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तो थोरल्याच्या भिंतीतून खाली उतरायचा, त्याच्या मधल्या खोलीच्या फरशीखालून जायचा आणि नव्या भिंतीच्या पायाखालून धाकट्याच्या स्वयंपाकघरात निघायचा. जमिनीच्या वर होतं तेवढंच वाटून झालं होतं.

चार-सहा वर्षं बरी गेली. मग धाकट्याच्या तोटीची धार बारीक झाली. आधी करंगळीएवढी, मग सुतळीएवढी. हंडा भरायला लागणारा वेळ बघून धाकट्याची बायको म्हणाली, "भाऊजींनी तिकडून वॉल्व्ह आवळलाय." धाकट्याला ते पटलं, कारण पटवून घ्यायची त्याची तयारी होती. इकडे थोरल्याच्या खोलीत फरशीच्या सांध्यांतून ओल वर येऊ लागली. धान्याच्या कोठीखाली बुरशी धरली. थोरला म्हणाला, "त्याच्याकडचा जोड गळतोय आन् ओल मपल्या घरात."

मग प्रत्येकाने आपापला माणूस आणला. थोरल्याने फरशी उचकटून एका जोडावर एम-सील लावून घेतलं. धाकट्याने तोटी बदलली, मग एल्बो बदलला, मग मोरीतला पाइप कापून नवा तुकडा घातला. पुढच्या वर्षी थोरल्याने भिंतीलगतचा दोन हात पाइप बदलला. तो सोडवताना पान्याचा हिसका बसला आणि भिंतीच्या पायाखालचा जुना जोड हलला. तो पायाखाली होता, त्यामुळे कुणाला दिसला नाही.

काळ्या मातीत पाया असलेल्या घराला ही गळती फार महागात पडते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हातभर भेगा आपण सारे बघतो, पण घराखालची मातीही तीच आहे हे विसरतो. भिंतीखाली एका अंगाला ओल आणि दुसऱ्या अंगाला कोरडं, असं झालं की पाया सारखा उचलला जात नाही. त्या वर्षी चैत्रात थोरल्याच्या खोलीतल्या दोन फरशा वर आल्या आणि वाटणीच्या भिंतीला खालून वरपर्यंत तिरकी चीर गेली. आता दोघेही भिंत पाडायची भाषा करू लागले, एकमेकांच्या खर्चाने.

शेवटी मायनेच मिस्त्रीला निरोप धाडला. तो गावातला जुना नळफिटिंगवाला होता. सुतळी आणि सफेदा लावून लोखंडी पाइपाचे आटे आवळण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्याने आल्या आल्या फरशीला हात लावला नाही. संध्याकाळी दोन्ही घरांतल्या साऱ्या तोट्या बंद करवल्या, मोटार बंद ठेवायला लावली, माळ्यावर चढून टाकीच्या आतल्या अंगाला पाण्याच्या रेघेवर कोळशाने खूण केली आणि निघून गेला.

सकाळी तो परत आला आणि दोघा भावांना वर घेऊन गेला. पाणी खुणेच्या चार बोटं खाली गेलं होतं. म्हणजे साधारण सात सेंटिमीटर. मीटरभर लांब, मीटरभर रुंद टाकीत तेवढं उतरलं तर हिशेब सत्तर लिटरचा होतो. २०१९ साली जलजीवन मिशन आलं तेव्हा खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावं असं सरकारने ठरवलं. या घरातून एका रात्रीत त्याहून जास्त पाणी मातीत जात होतं. हेच घर २०१३ च्या दुष्काळात टँकरमागे पळालं होतं. थोरल्याने तेव्हा पोराच्या फीचे पैसे पाण्याला घातले होते.

थोरला काहीच बोलला नाही. धाकटा म्हणाला, "पर मपल्या तोटीला पानी कामून येत नव्हतं? गळून गळून किती गळंल?"

मिस्त्रीने खाली येऊन फरशी काढली, माती उकरली आणि जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा करवतीने कापून धाकट्याच्या हातात दिला. बाहेरून पाइप पाऊण इंची होता, आतून मात्र शिसपेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलं होतं. बाकीची जागा तांबडा गंज आणि पांढरट थर यांनी भरलेली. धाकट्याने बोट घालून बघितलं, बोट अडलं. लोखंडी पाइपाच्या आतून जस्ताचा मुलामा असतो. तो झिजला की लोखंड पाण्याला उघडं पडतं, आणि आपल्या बोअरच्या जड पाण्यातला क्षार त्या गंजावर वर्षानुवर्षं बसत राहतो. भावाने वॉल्व्ह आवळला म्हणून जी धार बारीक झाली असं धाकटा सात वर्षं धरून बसला होता, ती या थराने बारीक केली होती. तो तुकडा त्याने भावापुढे धरला. बराच वेळ धरला.

मिस्त्री म्हणाला, "मी आता जोड लावनार नाही. ह्यो पाइप एका जागी धरला की दुसऱ्या जागी तुटतो. करायचं तर टाकीपासून शेवटच्या तोटीपर्यंत. नाहीतर मला बोलावू नका."

"खर्च किती?"

"पाइप आन् फिटिंग साडेआठ हजार. मजुरी सात. फरशी काढनं, चर खांदनं, भिंत फोडनं आन् परत बसवनं साडेअकरा. सत्तावीस हजार."

आकडा ऐकून दोघेही मागे सरले. त्यातही थोरल्याला खुपलं ते हे की पाइपापेक्षा तोडफोड महाग. हे सगळीकडेच असतं. घर बांधताना फरशीचा रंग निवडायला आपण जालन्यापर्यंत जातो, दुकानं पालथी घालतो. पाइप मात्र 'कोणताही टाका' म्हणून सोडून देतो, कारण तो झाकला जाणार असतो. झाकलेली वस्तू हलकी निघाली की तिच्यावरची भारी वस्तू फोडावी लागते. मग दर पाइपाचा राहत नाही, त्याच्यावर जे जे रचलं त्या सगळ्याचा होतो.

भाऊ घासाघीस करू लागले. थोरला म्हणाला, फुटावर वाटू. धाकटा म्हणाला, तुझ्या खोलीतल्या पाइपातून मला पाणी मिळतं, मग त्याचे फूट कुणाचे? तेव्हा माय आत गेली आणि एक वही घेऊन आली. नवरा होता तेव्हापासून तिला घरखर्च लिहायची सवय होती. ज्या महिन्यात ज्याच्याकडे असेल, त्या महिन्यातली नळाची दुरुस्ती तिने मांडून ठेवली होती. दुसऱ्या घरात काय झालं तेही नातवंडांना विचारून लिहिलं होतं. थोरल्याच्या पानाची बेरीज १३,८५० होती आणि धाकट्याच्या पानाची १२,४००.

"दोनी मिळून मांड," ती थोरल्याला म्हणाली.

त्याने मांडलं. २६,२५०. नव्या कामाला लागत होते त्याहून फक्त साडेसातशे रुपये कमी. फरक एवढाच की नव्या कामाने पाणी आलं असतं.

"पानी तुम्ही वाटलं नाही, ते बरं केलं," माय म्हणाली. "आता खर्च बी वाटू नका. अर्धा-अर्धा द्या आन् मोकळे व्हा."

धाकट्याकडे रोख नव्हती. थोरल्याने सगळे भरले. कापूस विकल्यावर धाकट्याने आपले अर्धे दिले, आणि खोदायला मजूर न लावता चर दोघांनी मिळून खांदला, म्हणून साडेअकरा हजारांतले बरेच वाचले. मिस्त्रीने फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप आणला. पाइपावरचा आयएस १५७७८ हा मानकाचा छाप त्याने दोघांना वाचायला लावला, कारण छाप नसलेला पाइप निम्म्या भावात मिळतो आणि मोरीच्या कढत पाण्याला टिकत नाही. सोल्यूशन लावून जोड बसवले आणि नीट धरू दिले. मग पाणी भरून चर रात्रभर उघडाच ठेवला. टाकीतली खूण सकाळी होती तिथेच होती. त्यानंतरच त्याने माती लोटू दिली.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याने विटांचं छोटं चेंबर ठेवलं, वर सुटी फरशी. थोरल्याला ती फरशी डोळ्यांत खुपत होती, सिमेंटने बसवून टाक म्हणाला. मिस्त्रीने ऐकलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. मलिक अंबरच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, जमशेद खानाने जालन्यात मोती तलाव बांधला आणि त्याचं पाणी जमिनीखालून शहरात नेलं. औरंगाबादची नहर त्याच काळातली. त्या कारागिरांनी नहर जमिनीखाली नेली, पण तिच्यात उतरून साफसफाई करायला वाटेत जागोजागी तोंडं ठेवली. ती नहर पुढे शतकानुशतकं शहराला पाणी देत राहिली.

उरला जुना पाइप. भंगारवाल्याने तो वजनावर घेतला. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत असं भंगार वितळवून सळई करतात, म्हणून लोखंडाला भाव बरा मिळाला. पैसे कुणाचे यावर आता कुणी बोललं नाही. मायने त्यातून दोन वॉल्व्ह आणवले आणि दोन्ही चेंबरांत एकेक बसवायला सांगितला. एका घरात दुरुस्ती निघाली तर दुसऱ्याचं पाणी बंद पडू नये म्हणून. थोरल्याच्या पोरीने पाइप कुठून कुठे जातो त्याचा नकाशा काढला, भिंतीपासूनची अंतरं फुटांत लिहिली आणि दोन्ही घरांच्या दारामागे एकेक चिकटवला.

दोन वर्षांनी धाकट्याच्या मोरीजवळ ओल दिसली. त्याच पोरीने नकाशा बघून काकाच्या बाजूचा वॉल्व्ह बंद केला आणि मिस्त्रीला जागा दाखवली. एक फरशी निघाली, एक सॉकेट बदलला, दुपारपर्यंत पाणी सुरू झालं. खर्च तीनशे साठ रुपये. तो थोरल्याने दिला आणि मायने वहीत सामाईक खात्यावर मांडला.