तिसऱ्या माणसासाठी

भोपाळमध्ये रायसेन रोडने पिपलानीच्या पुढे गेलं की आनंद नगर लागतं. कोकत्याचं आरटीओ ऑफिस याच अंगाला. त्यामुळे शहरातल्या जुन्या गाड्यांचे व्यवहार पुरे व्हायला याच रस्त्याने जातात. निदान जायला हवेत. अलीकडच्या 'भेल'च्या वसाहतींत आणि आसपास मराठी घरं आहेत. तिथले एखादे निवृत्त काका दारातली स्कूटर विकायला काढतात. घासाघीस होते, पैसे मोजले जातात, किल्ली हातात पडते, आणि मध्यस्थ म्हणतो, ''अंकल, यहाँ साइन कर दो, बाकी हम देख लेंगे.'' काका कोऱ्या फॉर्मवर सह्या करतात. डिकीतला फडका आणि छत्री आठवणीने काढून घेतात. आरसीवरचं नाव मात्र तसंच राहतं.

कायद्याने दोघांनाही मुदत घालून दिली आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 50. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. फॉर्म 29 विकल्याची खबर देण्याचा, फॉर्म 30 नावावर करून घेण्याचा. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म 35. गाडी नागपूरहून भोपाळला येणार असेल, तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी. यात अवघड असं काही नाही. पण विकणाऱ्याला पैसे मिळालेले असतात आणि घेणाऱ्याला गाडी, मग कागदाची निकड उरते कुणाला? घेणाऱ्याला तर गाडी पुढे विकायची असली की नाव न बदललेलंच सोयीचं पडतं.

हरियाणातल्या एका मोटारीचं असंच झालं. 2007 मध्ये मूळ मालकाने ती विकली. मग ती या हातातून त्या हातात गेली, आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. 2009 मध्ये ती मागे घेताना अपघात झाला आणि त्यात एक मुलगा गेला. भरपाई कोणी द्यायची? उच्च न्यायालय म्हणालं, ज्याच्या ताब्यात गाडी होती त्या शेवटच्या खरेदीदाराने. ऐकायला न्याय्य वाटतं. पण 6 फेब्रुवारी 2018 रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. नोंदीवर ज्याचं नाव, तो मालक, जबाबदारी त्याची.

पहिल्यांदा वाचलं की पहिल्या मालकाची कीव येते. दोन वर्षांपूर्वी गाडी विकलेल्या माणसाचा त्या दिवशीच्या ड्रायव्हिंगशी काय संबंध? पैसे घेऊन वस्तू दिली की व्यवहार संपला, असंच आपण धरून चालतो, आणि टेबल-खुर्चीच्या बाबतीत ते खरंही आहे. पण टेबल कुणाच्या अंगावर जात नाही. न्यायालयाने विचार केला तो त्या मुलाच्या माणसांच्या बाजूने. घरातलं मूल गेलेल्यांनी गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरायचं का? त्यांच्या हाती असतो फक्त नंबर, आणि नंबरावरून सापडतं एकच नाव.

हे ध्यानात आलं आणि आरसीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. मालकी सिद्ध करायचा कागद म्हणून आपण ती कपाटात जपतो. खरं तर विकणाऱ्या-घेणाऱ्यांना एकमेकांचे फोन नंबर ठाऊक असतात, घरंही ठाऊक असतात. त्यांचं या नोंदीवाचून फारसं अडत नाही. ती नोंद असते तिसऱ्या माणसासाठी. तो कोण, कुठल्या चौकात भेटेल, भेटेल तरी की नाही, हे दोघांनाही ठाऊक नसतं. अशा अनोळखी माणसाच्या वतीने कुणी फॉर्म 29 वर वेळेत सही करत नाही, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. म्हणूनच बहुधा कायद्याने विकणाऱ्याच्या मानेवर धाक ठेवला.

मध्यस्थांची सोयही आता उघडी पडली आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला गाडी दिली, की तशी खबर पोर्टलवर फॉर्म 29सी भरून द्यायची. तिथपासून पुढच्या घटनांची जबाबदारी डीलरची. तेव्हा ''बाकी हम देख लेंगे'' म्हणणाऱ्याला त्याचं अधिकारपत्र विचारायला संकोच वाटू नये. आपल्याकडे तेवढाच नेमका वाटतो.

एक प्रकार मात्र विक्रीचा नसतो. वडील गेल्यावरही स्कूटर त्यांच्याच नावावर राहते. ''असू दे ना बाबांचं नाव,'' असं मुलगा म्हणतो आणि त्याला कुणी टोकत नाही. इथे नियम बराच समजूतदार आहे: 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. तोवर ती वापरायलाही मुभा आहे. मुलाची माया मला कळते. पण बाबांचं नाव घरात ठेवायला भिंत आहे, देव्हाऱ्याशेजारची जागा आहे. रस्त्यावर धावणाऱ्या स्कूटरवर चालवणाऱ्याचंच नाव हवं.