माहेर आणि मालकी

बालपणीचे घर सोडून गेलेल्या माणसाचा त्या घरावर काही नैतिक अधिकार उरतो काय? प्रश्न वरवर भावनेचा वाटतो. परंतु धार-देवासच्या आपल्या जुन्या मराठी कुटुंबांत तो आता दर हिवाळ्यात प्रत्यक्ष उभा राहतो. टेकडीखालचे, राजवाड्यामागचे, धारला किल्ल्याच्या बाजूचे वाडे एकेक करून विकले गेले. मुले इंदूर-भोपाळला गेली, तेथून पुण्याला, काही अमेरिकेला. डिसेंबर लागला की ही मंडळी नातवंडांना घेऊन येतात, टेकडीवर तुळजाभवानीचे आणि चामुंडेचे दर्शन घेतात, आणि परतताना जुन्या दारासमोर मोटार थांबवून संकोचाने कडी वाजवतात. आतली माणसे बहुधा चांगली असतात. दार उघडतात, चहा करतात, पोह्यांचा आग्रह करतात. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी मात्र एकच वाक्य ऐकू येते : "काय दशा करून टाकली हो घराची!" हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढ्याच गोष्टीचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारास देवासशी संबंध आलेल्या एका परकीय गृहस्थाचे उदाहरण फार उपयोगी पडते. इ. एम. फॉर्स्टर हे नाव आपल्या वाचकांस नवे नाही. १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून ते काही महिने येथे राहिले, गोकुळअष्टमीचा दरबारी उत्सव त्यांनी येथेच पाहिला आणि 'द हिल ऑफ देवी' हे त्यांचे पुस्तक १९५३ साली निघाले. आपल्याकडे फॉर्स्टरांची चर्चा सहसा या पुस्तकापाशी थांबते. त्यांच्या स्वतःच्या घराची हकीकत आम्हांस त्याहून अधिक विचार करायला लावणारी वाटते.

फॉर्स्टर लहान असतानाच त्यांचे वडील वारले. १८८३ साली आईने चार वर्षांच्या या मुलाला घेऊन हर्टफर्डशायर परगण्यातील स्टीव्हनेज गावाजवळ रुक्सनेस्ट नावाचे घर भाड्याने घेतले. दहा वर्षांनी ते सोडावे लागले, तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता. म्हणजे ज्या घराने त्यांच्या मनावर आयुष्यभर राज्य केले ते कायद्याने एक दिवसही त्यांचे नव्हते. १९१० साली त्यांनी 'हॉवर्ड्स एंड' ही कादंबरी लिहिली, तिच्यातील घर याच घरावरून घेतलेले आहे. कादंबरीत घराची मालकीण मृत्युशय्येवर एक चिठ्ठी लिहिते, की हे घर मार्गारेट नावाच्या आपल्या मैत्रिणीस मिळावे. मार्गारेट नात्याची नाही, रक्ताची नाही. घरचे लोक चिठ्ठी वाचतात, आपसांत सल्लामसलत करतात आणि ती जाळून टाकतात. राजस्व खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसास ते दृश्य वाचताना विशेष आश्चर्य वाटत नाही. घर कोणाच्या नावावर चढवावयाचे हे कागद सांगतो, आणि घर कोणाला उमगले आहे हे सांगणारा रकाना कोणत्याही खसऱ्यात नसतो.

परंतु फॉर्स्टरांची खरी परीक्षा पुढे झाली. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील असंख्य घरे बाँबहल्ल्यांत नष्ट झाली होती. बेघरांना वसवण्यासाठी सरकारने नवी नगरे उभारावयाचे ठरवले, आणि १९४६ साली त्यांतले पहिले म्हणून स्टीव्हनेजची निवड झाली. बालपणीची शेते, पायवाटा, ओळखीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी, सारे नव्या नगराच्या आराखड्यात गेले. त्याच वर्षी बीबीसीवरील एका भाषणात फॉर्स्टरांनी हा पेच उघडपणे मांडला. माणसांना घरे हवीत हे त्यांना पूर्ण मान्य होते. आपण स्वतः निवाऱ्यात राहतो आणि दुसऱ्याने उघड्यावर राहावे असे ते म्हणू शकत नव्हते. तरीही काहीतरी कधीच भरून न येणारे नष्ट होत आहे, ही जाणीव त्यांना सोडीना. त्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि त्यांचा मेळ घालण्याचा खोटा प्रयत्न केला नाही. रुक्सनेस्टची इमारत मात्र वाचली. तेथे पुढे एलिझाबेथ पोस्टन या संगीतरचनाकार राहत असत. त्यांच्याशी फॉर्स्टरांचा स्नेह जुळला आणि ज्या घरात ते वाढले त्या घरी ते पाहुणे म्हणून जात राहिले. पाहुणे म्हणून, हे आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो.

(त्यांचे देवासचे यजमान याच्या नेमके उलट. तुकोजीराव महाराजांचा राजवाडा त्यांचाच होता. परंतु राज्य कर्जात बुडाल्यावर १९३३ च्या अखेरीस ते फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ साली तेथेच वारले. मालकी असून परतणे नशिबी नव्हते.)

आता आपल्याकडचे. आमच्या आजोबांचा वाडा देवासला टेकडीच्या पायथ्याशी होता. दोन चौक, सागवानी खांबांची ओसरी, कवेलूंचे छप्पर, मागल्या अंगणात विहीर. आजोबांच्या पश्चात चौघा भावांनी १९७५ साली तो विकला. २००६ च्या हिवाळ्यात आमची धाकटी आत्या धारहून आली असता ती, पुण्याहून आलेले चुलतबंधू आणि आम्ही असे तिघे तेथे गेलो. सध्या तेथे एक व्यापारी कुटुंब राहते. चुलतबंधू दारातून सरळ आत शिरले. माजघर कोठे होते, देवघराची भिंत का पाडली, कडीपाटाचे लाकूड कोठे गेले, असे एकामागून एक विचारू लागले. मागच्या अंगणात पोचताच ते थबकले. विहीर बुजवलेली होती आणि तिच्यावर फरशी घालून मोटारसायकली उभ्या केल्या होत्या. बंधूंचा चेहरा उतरला. "विहीरसुद्धा ठेवली नाही!" असे ते मराठीत, पण मोठ्याने म्हणाले.

आत्या ओसरीवरच बसली होती. पंचाहत्तरीच्या घरातली, गुडघ्यांनी बेजार. तिने पिशवीतून खण-नारळ काढून त्या घरच्या सुनेच्या ओटीत घातला, मुले किती, नळाला पाणी कितव्या दिवशी येते, अशी चौकशी केली. सुनेने सांगितले की आपण लग्न होऊन आलो तेव्हाच विहीर आटलेली होती. ते खरेच असावे; देवासला भूजल इतके खाली गेले होते की १९९० च्या सुमारास शहरास आगगाडीने पाणी आणावे लागले, हे येथील कोणीही सांगेल. मग आत्या आमच्याकडे वळून म्हणाली, "अरे, तुला विहीर म्हणजे पोहायला आणि डोकवायला. तुझी आई आठव्या महिन्यातसुद्धा त्या विहिरीवरून घागरी ओढत होती. दोरानं हाताची सालं निघायची. बुजवली ते बरं झालं."

आमच्या बालपणीच्या सुखाच्या हिशेबात ही नोंद नव्हती. घराचा गारवा आठवतो. तो गारवा टिकावा म्हणून दर आठवड्यास जमिनी कोणी सारवल्या ते आठवत नाही. बालपणीचे घर रम्य वाटते याचे एक कारण असे की त्या घराचा भार तेव्हा आपल्या खांद्यावर नसतो. ज्यांच्या खांद्यावर होता त्यांना विचारले तर त्याच वाड्याचे दुसरे चित्र मिळते, आणि ते चित्र खोटे नव्हे.

परतताना आमच्या ध्यानात आले की या भेटीची रीत तिघांपैकी एकट्या आत्यालाच ठाऊक होती. कशी नसणार? विसाव्या वर्षी ती या घरातून धारला गेली आणि त्यानंतर पन्नास वर्षे जन्मघरी पाहुणी म्हणून येण्याचा सराव तिला झाला होता. स्त्रीच्या जन्मघरास मराठीत 'माहेर' हा शब्द आहे. पुरुषाच्या जन्मघरास शब्दच नाही, कारण त्याला ते सोडावे लागेल अशी कल्पनाच नव्हती. माहेरवाशीण येते ती काही घेऊन येते, भावजयीच्या कलाने राहते, मांडणी बदललेली दिसली तरी बोलत नाही, आणि ठरल्या दिवशी उठून जाते. आपल्या पिढीतल्या पुरुषांवर ही पाळी नव्याने आली आहे आणि तिची रीत त्यांना कोणी शिकवलेली नाही.

पण येथे सावध राहिले पाहिजे. हक्क न सांगता प्रेम करणे हा सद्गुण खरा, परंतु तो आत्याने निवडला होता असे म्हणता येणार नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस बापाच्या हिश्शात वाटा दिला; पण त्याच कायद्याचे २३ वे कलम असे होते की कुटुंबाच्या राहत्या घरात पुरुष वारस वाटणी करावयाचे ठरवीपर्यंत मुलीस वाटणी मागता येत नसे, आणि तेथे राहण्याचा हक्कही ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी असेल तरच. सासरी सुखाने नांदणाऱ्या मुलीला माहेरी राहण्याचा हक्क नाही, हे कायद्याने इतक्या स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले होते. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि मुलगी जन्मतः सहदायाद ठरली. आमच्या वाड्याच्या बाबतीत तर भावांनीच वाटणी ठरवल्यामुळे १९७५ सालीही आत्याचा हिस्सा निघत होता. ती धारहून सकाळच्या बसने आली, हक्कसोडपत्रावर सही केली, जेवली आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. असे कागद पुढे नोकरीत आम्ही शेकड्यांनी पाहिले. त्यांत 'स्वखुशीने' हा शब्द कधी चुकलेला आठवत नाही.

तेव्हा ज्यांनी घर विकून पैसे वाटून घेतले त्या शाखेतील चुलतबंधू भिंतीसाठी हळहळतात, आणि जिला काहीच मिळाले नाही ती ओटी भरून येते. यात नीती कोणाच्या बाजूस आहे? आमच्या मते हळहळीस कोणाचीही परवानगी लागत नाही. फॉर्स्टरांनाही ती वाटली. मात्र तिचे रूपांतर आरोपात करण्याचा अधिकार ज्याने किंमत घेतली त्याला उरत नाही. आत्याला कदाचित तो होता. तिने तो वापरला नाही, आणि तिच्या मौनाचा दाखला देऊन इतर बहिणींनाही गप्प राहावयास सांगणे हे तर अगदीच गैर होईल.

आपल्या वसाहतीचा इतिहासही येथे आठवावा. १७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईनंतर मराठ्यांचे पाय माळव्यात रोवले गेले आणि त्यांच्यामागोमाग आपले पूर्वज आले. तेव्हा ही भूमी रिकामी नव्हती. आपल्या वाड्यांच्या पायाखालीही कोणाची तरी अंगणे असतील. उलट, कुमार गंधर्व बेळगावकडचे, क्षयाने आजारी होऊन ऐन तारुण्यात देवासला आले, येथेच बरे झाले आणि १९९२ पर्यंत येथेच राहिले. माळव्याची लोकगीते त्यांनी जेवढ्या कान देऊन ऐकली तेवढी येथे चार पिढ्या काढलेल्या आपल्यातील किती जणांनी ऐकली होती, हे ज्याचे त्याने पाहावे.

जुन्या वाड्यांच्या दर्शनी भागात फेरबदल करण्यास बंदी असावी, अशी सूचना बाहेरगावी गेलेल्या काही मंडळींकडून अधूनमधून येते. त्यांपैकी कोणी छपराच्या डागडुजीचा खर्च देऊ केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मालकांना विनंती अवश्य करावी : पाडण्यापूर्वी छायाचित्रे घेऊ द्यावीत, खणांची मापे घेऊ द्यावीत, शिलालेख किंवा जुनी तुळई निघाली तर कळवावे. त्यांनी नकार दिला तर चहा घेऊन उठावे.

आत्या २०११ साली गेली. तिच्या पेटीत वाड्याच्या ओसरीचे १९४८ चे एक छायाचित्र निघाले. त्याची प्रत आम्ही त्या व्यापारी कुटुंबास नेऊन दिली. सुनेने ती बराच वेळ पाहिली, खांब मोजले आणि विचारले की यात विहीर कोणत्या बाजूला येते. तिची थोरली मुलगी आता रतलामला दिलेली आहे. दिवाळीला आली की तिलाही दाखवीन, असे ती म्हणाली.