सूज उतरल्यानंतरचा घोटा

चि. सोनू,



ताईने तुझ्या पायाचा फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "निवड चाचणीला तीन आठवडे आहेत, खेळेल ना?" त्याचं उत्तर देतेच. पण तू आता मोठी झालीस, तेव्हा आधी तुझा पाय तुला कळू दे.

खो-खोत खांबाला वळताना तुझं पाऊल आत दुमडलं आणि अंगाचा सगळा भार बाहेरच्या कडेवर आला. बहुतेक घोटे असेच मुरगळतात. बाहेरच्या घोट्याला पावलाशी बांधणारी तीन लिगामेंट आहेत. त्यातलं पुढचं सर्वांत नाजूक, ताण आला की आधी तेच फाटतं. आतल्या बाजूचा बंध जाड आणि चिवट असतो. त्यात सांध्यात बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे. चवडा खाली झुकला की ते खोबणीत सैल पडतं, म्हणून चवड्यावर पळणारे आणि उडीवरून उतरणारे खेळाडू जास्त सापडतात. बोटांपर्यंत उतरलेला काळानिळा डाग बघून आजी घाबरली म्हणे. तिला सांग, आत सांडलेलं रक्त खाली ओघळतं, तेवढंच ते आहे. काही दिवसांत पिवळं पडून जाईल.

एक्स-रे का काढला नाही, म्हणून ताई डॉक्टरांवर थोडी नाराज दिसली. त्यांचं बरोबर आहे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी साधे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. दोन्ही बाजूंच्या घोट्याचं टोक आणि तिथून वर 6 सेंटीमीटरपर्यंत हाडाची मागची कड बोटाने दाबून बघायची. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर लागणारा उंचवटा आणि आत कमानीच्या वरचं हाड, तेही दाबायचं. यातल्या हाडावरच कळ आली, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच. तुझं यातलं काही नव्हतं. मात्र तुमच्या संघातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलींना हे मोजमाप लावू नका. त्यांची हाडं टोकाशी अजून वाढत असतात आणि तिथे लिगामेंटच्या आधी हाडालाच इजा होऊ शकते. त्यांना डॉक्टरांकडेच न्या.

आता घरातलं. पहिले दोन-तीन दिवस शेकायचं नाही, चोळायचं नाही. गल्लीतले कुणी "ओढून बसवून देतो" म्हणाले तर हात जोडून नको म्हण. लिगामेंट ताणलं किंवा फाटलं आहे, काही निखळलेलं नाही. मग बसवणार काय? ओढाओढीत अर्धं फाटलेलं पूर्ण फाटायचं. आजीला आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर गार लावू दे, रगडू देऊ नको. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत ने. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल कर. झोपताना पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. दुखत असेल तर फडक्यात गुंडाळून बर्फ ठेव, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केली, आणि पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे भरून येणं लांबू शकतं. म्हणून बर्फ दुखण्यापुरताच, आणि पडून राहणं नकोच. सोसवेल तेवढा भार आजपासून टाक, गरज पडली तर कुबडीच्या आधाराने. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरव, मोठ्या अक्षरात.

सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरेल, आणि खरी काळजी मला त्या दिवसाची आहे. दुखायचं थांबलं की मुली मैदानात उतरतात. पण लिगामेंटमध्ये बारीक मज्जातंतू असतात. पाऊल कुठे आणि किती कललं आहे, हे मेंदूला कळवणं त्यांचं काम. लिगामेंटबरोबर तेही दुखावतात. मग पाऊल कलायला लागतं तेव्हा नडगीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू वेळेवर आवळत नाहीत, आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते ती यामुळे. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या कितीतरी मुलींचा पाय वर्षानुवर्षं "अधूनमधून जातो", आणि पहिल्या वेळी कुणीच त्यांना व्यायाम दिलेला नसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हा व्यायाम फुकट आहे.

दात घासताना दुखऱ्या पायावर उभी राहा. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. सुरुवातीला पाऊल थरथरेल, थरथरू दे. तोच अभ्यास आहे. सायकलची जुनी ट्यूब पलंगाच्या पायाला बांध, पावलात अडकव आणि पाऊल बाहेरच्या दिशेने ओढ. पायरीच्या कडेवर उभी राहून टाचा उचल, आधी दोन्ही, मग एक. खो-खोत पाटीवर बसायचं म्हणजे घोटा पुरता वाकावा लागतो, म्हणून आणखी एक: भिंतीसमोर पाऊल ठेव आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव. अंगठा भिंतीपासून किती लांब असताना हे जमतं ते मोज, दोन्ही पायांचं.

आता ताईचा प्रश्न. माझं उत्तर नाही असं आहे. फोटोतली सूज आणि तुझं लंगडणं बघता लिगामेंट थोडं फाटलं आहे, आणि अशा घोट्याला वळणं घेत पळायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ऑक्टोबर 2023 मध्ये गहुंज्याला वर्ल्ड कपच्या सामन्यात हार्दिक पंड्याचा डावा घोटा दुखावला. षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले होते, आठवतं? हाताशी सगळे डॉक्टर असूनही हार्दिक त्या स्पर्धेत पुन्हा खेळू शकला नाही. तू तर आपल्या अंगणात ट्यूब ओढणार आहेस.

तारखेवर बोट ठेवू नकोस. भिंतीचं माप दोन्ही पायांचं सारखं आलं, एका पायावर उड्या मारताना दुसऱ्यापेक्षा कमी पडत नाहीस, आणि खांबाचं वळण पूर्ण वेगात मनात भीती न येता घेतलंस, की खेळ. हा मोसम संपेपर्यंत दोरीचा ब्रेस किंवा टेप लावूनच उतर. चाचणी पुढच्या वर्षीही आहे.

पाच-सहा दिवसांत पायावर नीट भार येईना, घोट्याच्या वर दोन हाडांच्या मध्ये दुखायला लागलं किंवा पाऊल बधिर वाटलं, तर मला विचारत बसू नकोस, थेट डॉक्टरांकडे जा. नाहीतर रविवारी भिंतीची मापं कळव, त्यावरून पुढच्या आठवड्याचं ठरवू.

तुझी,
मावशी